केहीमकरांची साक्ष

अलिबागहून उत्तरेला निघालं की वरसोली, थळ, नवगाव मागे टाकून किहीम येतं. मुंबईकर हे गाव ओळखतात ते समुद्रकिनाऱ्यासाठी आणि शनिवार-रविवारच्या बंगल्यांसाठी. पक्षिप्रेमींना सालिम अलींनी सुगरण पक्ष्याच्या संसाराचा अभ्यास इथे केला हे माहीत असतं. या गावाचं नाव आडनावात वागवणाऱ्या हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी १८९७ मध्ये आपल्या समाजाचा, म्हणजे कोकणातल्या बेने इस्रायल यहुद्यांचा, इतिहास इंग्रजीत लिहून पुरा केला. छापून यायला त्याला चाळीस वर्षं लागली. १९३७ मध्ये तेल अवीवला इमॅन्युएल ओल्सवांगर यांच्या संपादनाखाली ‘द हिस्टरी ऑफ द बेने-इस्रायल ऑफ इंडिया’ या नावाने तो प्रसिद्ध झाला, तेव्हा लेखक हयात नव्हते.

याद्या, तर्क, दंतकथा, सणांची वर्णनं आणि मध्येच समाजाच्या शिक्षणाची कळकळ, असा हा ग्रंथ. अशा पुस्तकाचं रसग्रहण कसलं करायचं, असं कुणी विचारेल. संशोधक तो संदर्भापुरता उघडतात आणि हवी ती माहिती घेऊन मिटतात. मला तो सलग वाचावासा वाटतो. घरात एकही जुना कागद नसताना माणूस आपले पूर्वज कसे उभे करतो, पुरावा कुठकुठून गोळा करतो, कुठे त्याचा हात थरथरतो आणि कुठे तो नको इतका ठाम होतो, हे सगळं त्यात उघड्यावर आहे. वकिलाचं पाठबळ नसलेल्या साक्षीदाराची ही जबानी आहे, आणि जबानी वाचताना माणूस काय सांगतो याइतकंच कुठल्या क्रमाने सांगतो हेही बघायचं असतं.

आपल्याकडे पूर्वज शोधायच्या वाटा ठरलेल्या आहेत. कोकणातल्या अनेक ब्राह्मण घराण्यांचे छापील कुलवृत्तांत आहेत: मूळ पुरुष, गोत्र, कुलदैवत, शाखा, आणि शेवटी घडी उलगडून पाहायचा वंशवृक्ष. ते नसेल तर नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांचे चोपडे असतात. आजोबा कुणाच्या श्राद्धाला कधी आले, बरोबर कोण होतं, हे तिथे सहीनिशी सापडतं. ख्रिस्ती घराण्यांना चर्चची नोंदवही असते. बेने इस्रायलांकडे यांपैकी काहीच नव्हतं. मूळ पुरुषाचं नाव ठाऊक नाही, तीर्थोपाध्याय असण्याचा प्रश्न नाही, आणि एकोणिसाव्या शतकापर्यंत किनाऱ्यावरच्या गावांत सिनेगॉगही, म्हणजे यहुद्यांचं प्रार्थनागृहही, नाही. रेवदंड्याचं बेथ एल १८४२ चं, अलिबागचं मागेन अबोथ १८४८ चं, पनवेलचं बेथ एल १८४९ चं. त्याआधीचे जन्म, लग्नं आणि मृत्यू गावाच्या आठवणीत राहायचे आणि गावाबरोबर विरायचे.

धर्मस्थळाच्या वहीत केवढी ताकद असते ते आयर्लंडमध्ये दिसतं. सतराव्या शतकात स्कॉटलंडहून येऊन उत्तर आयर्लंडच्या अल्स्टर प्रांतात वसलेले प्रेसबिटेरियन हे सरकारमान्य चर्चच्या बाहेरचे ख्रिस्ती. बिशप मानायचा नाही, मंडळीचा कारभार निवडलेल्या वडीलजनांनी पाहायचा, ही त्यांची रीत. त्यांच्या थोड्या वह्या सतराव्या शतकाअखेरीपासूनच्या आहेत; बहुतेक सुरू होतात त्या अल्स्टरच्या सिनडने, म्हणजे धर्मसभेने, १८१९ मध्ये प्रत्येक पाळकाला बाप्तिस्मे आणि लग्नं नोंदवायला सांगितल्यानंतर. सरकारमान्य चर्चच्या पुष्कळशा जुन्या वह्या डब्लिनच्या सरकारी दप्तरखान्यात जमा झाल्या होत्या. जून १९२२ मध्ये, यादवीच्या लढाईत, तो दप्तरखाना जळाला. वह्या गेल्या, एकोणिसाव्या शतकातल्या शिरगणतीचे कागद गेले. प्रेसबिटेरियनांच्या वह्या वाचल्या, कारण त्या सरकारजमा करायचं बंधन त्यांच्यावर कधी नव्हतंच. गावोगावच्या मंडळीच्या कपाटात त्या पडून होत्या. आज त्यांच्या फिल्म बेलफास्टच्या सरकारी दप्तरखान्यात बघायला मिळतात. अमेरिकेतला किंवा ऑस्ट्रेलियातला नातू तिथे येतो आणि दोन गोष्टी शोधतो: बापाचं नाव आणि ‘टाउनलँड’, म्हणजे आपल्या वाडीएवढा जमिनीचा नाव असलेला तुकडा. असे सुमारे साठ हजार तुकडे त्या बेटावर आहेत. नुसतं नाव सापडून भागत नाही, कारण जॉन आणि विल्यम प्रत्येक पानावर डझनाने असतात. वाडी सापडली की माणूस सापडतो.

केहीमकरांच्या ग्रंथात आगीची जागा समुद्राने घेतली आहे. गालिल प्रांतातून, अँटिऑकस एपिफॅनिस या राजाच्या छळाच्या काळात, इ.स.पू. १७५ च्या सुमारास निघालेलं गलबत चौल बंदराच्या वाटेवर खांदेरी-उंदेरीजवळ फुटलं. सात पुरुष आणि सात बायका नवगावच्या किनाऱ्याला लागल्या. वाहून आलेली प्रेतं त्यांनी तिथेच पुरली. चीजवस्तू गेली, धर्मग्रंथ गेले. परंपरेने चालत आलेली ही गोष्ट केहीमकर सांगतात तेव्हा तिचं काम नुसतं मूळ सांगण्याचं राहत नाही. ‘तुमच्याकडे कागद का नाहीत?’ हा प्रश्न पुढे येणार हे त्यांना ठाऊक आहे, आणि गलबत फुटण्याच्या गोष्टीत त्याचं उत्तर आधीच दिलेलं आहे. या किनाऱ्याला अशी गोष्ट अनोळखी नाही. परशुरामाने किनाऱ्याला लागलेली चौदा प्रेतं जिवंत केली ही चित्पावनांची उत्पत्तिकथा आपण ऐकलेली असते. सात आणि सात म्हणजेही चौदाच. अभ्यासकांनी या साम्याकडे बोट दाखवलं आहे. कुणी कुणाची गोष्ट उचलली हे ठरवत बसण्यात मला फारसा रस नाही; समुद्राकडे तोंड करून राहणाऱ्या दोन समाजांना आपला आरंभ पाण्यातून वर यावा असं वाटलं, एवढं मला पुरतं.

काळ ठरवताना मात्र केहीमकर दंतकथेवर विसंबत नाहीत. तिथे त्यांची बुद्धी चमकते. आपल्या लोकांना कुठले सण ठाऊक होते, यापेक्षा कुठले ठाऊक नव्हते याकडे ते लक्ष वेधतात. हनुक्का हा सण त्यांच्यात नव्हता. अँटिऑकसच्या सैन्याला हरवून यहुद्यांनी जेरुसलेमचं मंदिर शुद्ध केलं त्याचा तो सण. तो माहीत नाही, म्हणजे पूर्वज त्याआधीच निघाले असले पाहिजेत. आजचा इतिहासकार हा तर्क मान्य करील असं नाही, कारण सण विसरलाही जाऊ शकतो. तरी रचना पाहावी: हाती काही नाही, तर नसण्याचाच पुरावा करायचा. यहुदा हे नाव या समाजात ठेवत नाहीत आणि रुबेन हे लाडकं, असं स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनीही टिपलं होतं. त्यावरून उत्तरेकडच्या हरवलेल्या दहा वंशांपर्यंत अंदाज बांधले गेले. न ठेवलेल्या नावावरून एवढी झेप घेणं धाडसाचंच.

आता आडनावांकडे येऊ. पुस्तकातला हा भाग मला सगळ्यांत मोलाचा वाटतो, आणि घाईचा वाचक नेमका तोच उलटून पुढे जातो. पेणकर, रोहेकर, अष्टमकर, चेऊलकर, नागावकर, नवगावकर, झिराडकर, पेझारकर, आवासकर, वाकरूळकर, राजपूरकर, घोसाळकर, तळकर, दिवेकर. अशी शंभरावर आडनावं, आणि प्रत्येकामागे एक गाव. ती मोठ्याने वाचत गेलं तर आजच्या रायगड जिल्ह्याचा किनारा आणि खाड्यांकाठचा मुलूख डोळ्यांपुढे येतो: धरमतरपासून कुंडलिकेपर्यंत आणि पुढे राजपुरीच्या खाडीकाठाने जंजिऱ्याच्या हद्दीत. ही माणसं एका पेठेत किंवा एका मोहल्ल्यात कधीच नव्हती. प्रत्येक गावात घर-दोन घरं, तेलाचा घाणा, थोडी शेती. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. सोमवारी बंद ठेवणारे ते सोमवार तेली. इतकी विखुरलेली वस्ती एकमेकांना ओळखणार कशी? गावाच्या नावाने. आयर्लंडमधल्या नातवाला जी वाडी दप्तरखान्यात धुंडाळावी लागते, ती बेने इस्रायल माणूस आडनावातच घेऊन फिरतो. मुंबईला, पुण्याला, कराचीला, एडनला, आणि १९४८ नंतर लोद, रामला, अश्दोद, दिमोना इथेही.

आडनावाच्या आधी बापाचं नाव. मुंबईत १७९६ मध्ये बेने इस्रायलांचं पहिलं सिनेगॉग बांधणाऱ्या कमांडंटचं नाव सामाजी हसाजी दिवेकर. एका नावात दोन पिढ्या आणि एक गाव. त्याच्या मुलाचं नाव कुठे मिळालं तर साखळी तीन पिढ्यांची होते. सामाजी म्हणजे सॅम्युएल, हसाजी म्हणजे एझिकेल, एलोजी म्हणजे एलाया, इसाजी म्हणजे आयझॅक, मुसाजी म्हणजे मोझेस. अठराव्या शतकातला बेने इस्रायल आपल्या शेजारच्या शिवाजी, बाळाजी, कान्होजींत सहज मिसळणारं नाव घेऊन वावरत होता. पुढे मिशनच्या शाळा आल्या, पलटणीतले कारकून आले, बायबलमधली रूपं परत आली. सामाजीचा नातू सॅम्युएल झाला. काही घराण्यांनी गावाचं आडनाव गाळून आजोबांचं नाव आडनावासारखं लावलं, काहींनी नुसतं ‘इस्रायल’ लावलं. १८९१ ते १८९६ या काळात जंजिरा संस्थानचे कारभारी असलेले शालोम बापूजी इस्रायल यांचं नाव बघा: ‘बापूजी’ कोकणचं, ‘इस्रायल’ समाजाचं, आणि गाव अदृश्य. प्रतिष्ठा वाढली तशी वंशशोधाची किल्ली हरवली. केहीमकरांनी आडनावांची यादी केली तो काळ नेमका हाच आहे, आणि म्हणून त्या यादीत मला एक घाई जाणवते: गावं विसरली जाण्याआधी लिहून ठेवण्याची.

या नामांतरात स्कॉटिश प्रेसबिटेरियनांचा वाटा मोठा. जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईला आले आणि १८३२ मध्ये त्यांचं मराठीतून हिब्रू व्याकरण निघालं. तेव्हा मराठीतून हिब्रू शिकू शकणारा वर्ग कुठला होता, हे उघड आहे. आपल्या किनाऱ्यावर अमेरिकन आणि स्कॉटिश मिशनांनी बेने इस्रायल मुलांना शिकवलं. मुलं शिकली, मास्तर झाली, कारकून झाली. ख्रिस्ती फारच थोडी झाली. मिशनरी बायबल देऊन गेले आणि या लोकांनी त्यातला जुना करार ठेवून घेतला. जोसेफ एझिकेल राजपूरकर यांच्यासारख्या विद्वानांनी मग हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या, आणि १८८० पासून अब्राहामाच्या, मोशेच्या चरित्रांवर कीर्तनं होऊ लागली. टाळ-चिपळ्यांवर मोशे ऐकणाऱ्या पिढीला कुणी ‘तुम्ही मूळचे कोण’ असं विचारलं असतं, तर तिने काय उत्तर दिलं असतं कुणास ठाऊक.

मुंबईच्या लष्करात तर दोन प्रकारच्या नोंदी शेजारी शेजारी चालत होत्या. कंपनीच्या युरोपियन पलटणींत आयरिश शिपाई पुष्कळ. मुंबईची युरोपियन पलटण पुढे रॉयल डब्लिन फ्युजिलिअर्समध्ये विलीन झाली. त्या शिपायाचं लग्न, त्याच्या मुलीचा बाप्तिस्मा, कॉलऱ्याने झालेला त्याचा मृत्यू, हे सारं चॅप्लेनच्या वहीत उतरायचं आणि त्याची नक्कल लंडनला जायची. ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात मुंबई इलाख्याच्या या नोंदी ‘एन/३’ या खुणेखाली आहेत. या आयरिश शिपायांच्याच छावणीत, त्यांच्याच मोहिमांवर बेने इस्रायल सुभेदार होते. त्यांची लग्नं आणि मरणं यांची नक्कल लंडनला पाठवणारा कुणी नव्हता. सरकारच्या लेखी ते भरतीच्या आणि पेन्शनच्या कागदापुरते.

ही बाजू माहीत असली की केहीमकरांनी दिलेली लष्करी अधिकाऱ्यांची लांबलचक यादी कंटाळवाणी वाटत नाही. नाव, हुद्दा, पलटण, पदक, ‘सरदार बहादूर’ किंवा ‘बहादूर’ हा किताब, आणि पुन्हा नाव. वरवर पाहता ही राजनिष्ठेची जाहिरात आहे. इंग्रज वाचकाला सांगायचं आहे की आम्ही तुमचे विश्वासू. पण त्या काळी या समाजातल्या मोठ्या संख्येच्या पुरुषांची नावं बापासकट कुठे एकत्र सापडणार होती, तर ती पलटणींच्या हजेरीपटांवर. केहीमकर ती उचलतात आणि सरकारी कागदातून घरची वही तयार करतात. जातवार तुकड्यांची पद्धत रुळल्यावर एवढ्याशा समाजाची भरती ओसरली, आणि ही खाणही आटली.

आतापर्यंतची सगळी नावं पुरुषांची आहेत. आडनाव बापाचं, गाव बापाचं, पलटण बापाची. यहुदी धर्मशास्त्राप्रमाणे मूल यहुदी ठरतं ते आईवरून. म्हणजे केहीमकरांनी इतक्या कष्टाने उभं केलेलं नोंदींचं सगळं बळ ज्या बाजूला आहे, तिथे धर्मशास्त्र विचारत नाही. आणि जिथे विचारतं, तिथे नोंद नाही. या इमारतीला तडा पडला आहे तो इथे, आणि तिचं सौंदर्यही इथेच आहे. कारण पुस्तकात बायका येतात, फक्त नावांनिशी येत नाहीत. त्या येतात स्वयंपाकघरातून.

दाविद राहाबी या गुरूची गोष्ट घ्या. हे लोक खरोखर इस्रायलचे का, हे पडताळण्यासाठी त्याने म्हणे बायकांपुढे मिसळलेली मासळी ठेवली आणि रांधायला सांगितलं. त्यांनी पर आणि खवले असलेले मासे तेवढे निवडले, बाकीचे बाजूला सारले. राहाबीची खात्री पटली. त्याने झिराडकर, राजपूरकर, शापूरकर या तीन घराण्यांतल्या पुरुषांना शिकवून काजी, म्हणजे समाजाचे धर्माधिकारी, केलं. राहाबी कुठल्या शतकातला, यावर पुष्कळ वाद आहे. माझं लक्ष परीक्षेकडे जातं. कोळंबी, चिंबोरी, माकूल, मुशी, शिंगाळा ज्या किनाऱ्यावर रोजच्या पाटीत असतात, तिथे पिढ्यानुपिढ्या हात आखडता घेणं ही साधी गोष्ट नव्हे. शेजारणीच्या घरातून कोळंबीच्या कालवणाचा वास येत असेल आणि आपल्या चुलीवर ती चढत नसेल. का, याचं कारणही धड आठवत नसेल. वंशाची परीक्षा पुस्तकावर, प्रार्थनेवर किंवा पुरुषांवर झाली नाही. बायकांच्या हातांनी जे बाजूला ठेवलं त्यावर झाली. काजीपण मात्र पुरुषांना मिळालं, यावर केहीमकर काही भाष्य करत नाहीत. त्या काळी कुणीच केलं नसतं.

सणांच्या वर्णनातही हेच. हिब्रू नावं विसरलेली होती, आणि नव्या नावांवर घरातल्या कामांचा ठसा आहे. वर्षारंभ तो नव्याचा सण. त्यामागोमाग नव्या तांदळाची, नारळाच्या दुधातली खीर, म्हणून खिरीचा सण. प्रायश्चित्ताच्या दिवशी दारं लावून, पांढरे कपडे घालून घरात बसायचं, कुणाशी बोलायचं नाही, तो दारफाळणीचा सण. दुसऱ्या दिवशी शिळा सण. वल्हांडणाच्या दिवसांत आंबट कालवणाचं मडकं झाकून ठेवायचं, म्हणून अनाशी ढाकाचा सण. आणि जेरुसलेमच्या मंदिराच्या नाशाचा शोकदिवस तो बिरड्याचा सण. अलिबाग-पेणच्या शेतात भातकापणीनंतरच्या ओलीवर होणारे वाल, ते भिजवून, मोड आणून, एकेक सोलून केलेलं बिरडं. दोन हजार वर्षांपूर्वी पडलेल्या मंदिराचं दुःख रायगडच्या वालात जपलं गेलं. हे वाचताना मी नेहमी थबकतो. मंदिर का पडलं, कुणी पाडलं, हे सोलणाऱ्या बाईला माहीत नसेल. दिवस चुकला नाही. होळीचा सण म्हणजे पुरीम आणि उपासाचा महिना म्हणजे रमजान, या नावांवरून शेजारी कोण होते तेही कळतं. केहीमकरांना या हिंदू-मुसलमान नावांचा थोडा संकोच वाटतो आणि ते लगबगीने हिब्रू सणाशी मेळ घालून देतात. मला तो मेळ घालायच्या आधीचं वर्णन जास्त भावतं.

त्यांच्या लेखणीचं वैगुण्य सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. समाजात गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल असा भेद होता. दोन्ही बाजूंनी इस्रायल ते गोरे. इतर जातीच्या स्त्रीपासून झालेल्या संततीचे ते काळे. बेटीव्यवहार नाही, पंगत वेगळी. केहीमकर हा भेद शुद्धतेचा दाखला म्हणून मांडतात. आपण मिसळलो नाही हे त्यांना सिद्ध करायचं आहे, आणि त्याची किंमत आपल्यातलेच काही लोक भरत आहेत हे त्यांच्या वाक्यात कुठे जाणवत नाही. वंशाच्या वह्या सगळीकडेच अशा क्रूर असतात. अल्स्टरच्या मंडळ्यांत वडीलजनांच्या सभांची इतिवृत्तं आहेत. लग्नाआधी मूल झालेल्या मुलीला सभेपुढे उभं करून कबुली घेतल्याचं त्यांत सापडतं, आणि आज वंश शोधणारा नातू त्याच ओळीवर आनंदाने उडी मारतो, कारण तिथे बापाचं नाव असतं. त्या मुलीला त्या दिवशी काय वाटलं असेल, ते इतिवृत्तात उतरलेलं नाही.

केहीमकरांना ज्या प्रश्नाची धास्ती होती तो १९६२ मध्ये खरोखरच आला, तोही जेरुसलेमहून. १८ फेब्रुवारीला इस्रायलच्या मुख्य रब्बिनेटने, म्हणजे यहुदी धर्मपीठाने, निर्देश काढले: बेने इस्रायल व्यक्तीचं दुसऱ्या यहुदी समाजात लग्न लावण्याआधी तिची आई, आईची आई, अशी जमेल तितकी मागे चौकशी करावी, पूर्वजांतले काडीमोड धर्मशास्त्राप्रमाणे झाले होते का तेही पाहावं. रोह्याच्या किंवा म्हसळ्याच्या पणजीच्या आईचं नाव कोण आणून देणार? ज्यांच्याकडे कागद नाहीत त्यांच्याकडे कागद मागितले गेले, आणि तेही ज्या बाजूचे मुळात कधी लिहिलेच गेले नव्हते त्या बाजूचे. लोक चिडले. निदर्शनं, धरणी, उपोषणं दोन वर्षांवर चालली. ऑगस्ट १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने बेने इस्रायल हे सर्वार्थाने यहुदी आहेत असा ठराव केला, आणि रब्बिनेटने निर्देशांतून समाजाचं नाव काढलं. केहीमकरांचं पुस्तक तेव्हा छापून पंचवीस-सत्तावीस वर्षं झाली होती. पुराव्याचं उत्तर त्यात होतं, पण ते समूहाचं उत्तर होतं: आम्ही सगळे मिळून हे पाळत आलो. चौकशी करणाऱ्याला हवी होती एकेका बाईची साखळी.

अलीकडे जनुकांकडे वळलेल्या अभ्यासकांनी २०१६ मध्ये निष्कर्ष मांडला की बेने इस्रायलांत यहुदी आणि भारतीय अशा दोन्ही वंशांचा भरीव अंश आहे. केहीमकरांना यातला पहिला अर्धा आवडला असता.

आज इस्रायलहून नातवंडं अलिबागला येतात, इस्रायल आळीत मागेन अबोथ पाहतात, नवगावच्या दफनभूमीत जातात. आपलं गाव शोधायला त्यांना केहीमकरांची यादी लागतेच. थडग्यावरच्या हिब्रू-मराठी मजकुरात बापाचं नाव आणि गाव मिळतं. केतुबा, म्हणजे लग्नाचा करार, घरात जपला असेल तर त्यात वधूच्या बापाचंही नाव असतं. अशा दोन-तीन केतुबा एकाखाली एक ठेवल्या तर आईची बाजूही दोन-तीन पायऱ्या मागे नेता येते. रब्बिनेटला हवी होती ती साखळी अशी, तुटक का होईना, बांधता येते. त्यासाठी ‘केहीमकर’ हाती घेऊन बसणाऱ्या माणसाची गरज आहे.

म्हणून या ग्रंथाची एक सटीप मराठी आवृत्ती मला हवी आहे. सणांच्या प्रकरणाला अलिबाग-रोह्यातल्या आणि दिमोना-अश्दोदमधल्या म्हाताऱ्या बायकांनी टिपा द्याव्यात. इस्रायलमधल्या बेने इस्रायलांचं ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक आहे, त्याच्या वाचकांनी आजी-पणजीची माहेरं कळवावीत. आडनावांची यादी देवनागरीत आणून गावं नकाशावर बसवावीत, कारण रोमन लिपीत थळ आणि तळे सहज एकमेकांत मिसळतात, आणि एक गाव अलिबागेला लागून आहे तर दुसरं पार दक्षिणेच्या डोंगरात. सुरुवात या यादीपासूनच करावी. ती सगळ्यांत सोपी आहे, आणि तिच्यातली बरीच गावं अजून एसटीच्या पाट्यांवर सापडतात.